वृद्धांचा मेंदू आणि गोळ्यांचा हिशेब



या विषयावर बोलायला व्याख्यानमालेच्या चालकांनी डॉक्टर न बोलावता यंत्रमाग कामगारांच्या युनियनचा एक माणूस बोलावला, याचे तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मलाही वाटले. माझे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते नगर वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. कामगार कायद्याचे इंग्रजी शब्दकोश घेऊन वाचता वाचता वैद्यकीय मासिकांचे इंग्रजीही थोडेथोडे उलगडू लागले, आणि ध्यानात आले की औषधाची परीक्षा कशी झाली हे वाचणे आणि पगारवाढीचा करार वाचणे यांत फारसा फरक नाही. करार हाती आला की आम्ही आधी आकडा पाहत नाही. तो कोणाला लागू आहे ते पाहतो. कायम कामगाराला लागू, बदलीवाल्याला नाही, कांडीवाल्या बाईला तर नाहीच, असे बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेले असते. औषधांच्या संशोधनालाही असेच बारीक अक्षर आहे, आणि त्यात बऱ्याच वेळा म्हातारा माणूस मस्टरवरून वगळलेला असतो. आज मला बोलायचे आहे ते त्या वगळलेल्या माणसाबद्दल. त्याच्या मेंदूबद्दल, आणि त्याच्या उशाशी लटकणाऱ्या गोळ्यांच्या पिशवीबद्दल.

प्रथम आजाराची थोडी हकीकत सांगतो. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. बाईला स्वतःचे नाव सांगता येई, पण नवऱ्याचे विचारले तरी ती स्वतःचेच नाव सांगे. तिला तपासणाऱ्या डॉक्टरचे नाव अलॉइस अल्झायमर. १९०६ च्या एप्रिलात ती वारली तेव्हा अल्झायमर म्युनिकला गेलेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि पेशींच्या बाहेर साचलेले चट्टे व पेशींच्या आत पडलेल्या तंतूंच्या गुंत्याचे वर्णन त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या वैद्यक सभेत केले. १९१० साली क्रेपेलिन या प्राध्यापकाने आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बाई ५१ वर्षांची होती म्हणून हा रोग ठरला. तीच लक्षणे पंचाहत्तरीच्या बाईला असती तर कोणी काचपट्टी करून पाहण्याची तसदी घेतली असती की नाही, शंका आहे. म्हातारपणी बुद्धी जायचीच, असे जर्मनीतही मानत आणि आपल्याकडेही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण किती सहज वापरतो! पुढे जवळजवळ साठ वर्षे वृद्धांचा विसरभोळेपणा हा रोगाच्या वहीत चढलाच नाही. १९६८ साली इंग्लंडातील न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी मरण पावलेल्या वृद्धांच्या मेंदूंतले चट्टे अक्षरशः मोजले, आणि ज्यांची बुद्धी हयातीत अधिक ढासळली होती त्यांच्या मेंदूत ते अधिक सापडले. १९७६ साली अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी स्पष्टच लिहिले की तरुणपणी येणारा तो अल्झायमरचा रोग आणि म्हातारपणी येणारा तो निसर्गक्रम, हा भेद खोटा आहे. म्हणजे वृद्धाला 'आजारी' हा दर्जा मिळायला शतकाचे तीन चतुर्थांश जावे लागले. आम्ही युनियनवाल्यांनी व्यवसायजन्य रोगांची यादी वाढवून घेताना हेच पाहिले आहे: आजाराला नाव नसले की भरपाईही नसते आणि चौकशीही नसते.

त्याच १९७६ साली एडिंबरोच्या डेव्हिस आणि मॅलोनी यांनी दाखवले की अल्झायमरच्या मेंदूत अॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य बनवणारे खाते मंदावलेले असते. हे द्रव्य म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारा हरकाम्या. स्मरण, लक्ष, जागेपण यांचे पुष्कळसे काम त्याच्यावर चालते. आज स्मृतिभ्रंशावर सर्रास दिले जाणारे डोनेपेझिल हे औषध १९९६ साली अमेरिकेत मंजूर झाले, ते एवढेच करते की उरलेले द्रव्य लवकर नष्ट होऊ देत नाही. रोग त्याने बरा होत नाही. काही जणांना काही काळ थोडा आधार मिळतो.

आता मौज पाहा. नेमके याच द्रव्याला अडवणारी औषधे आपल्या घरोघरी आहेत. लघवी आवरत नाही म्हणून दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन, झोप आणि अंगदुखीसाठी दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, हात कापतात म्हणून दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दीच्या स्वस्त गोळ्यांत असते ते क्लोरफेनिरामिन. तोंड कोरडे पडणे, शौचाला न होणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे या त्यांच्या खुणा. तरुणाचा मेंदू धडधाकट असतो, तो हा अडसर सोसून घेतो. वृद्धाच्या मेंदूत हरकामे आधीच कमी. त्यातले दोघे-चौघे रोखून धरले की सगळा कारखाना घोटाळ्यात पडतो.

याचा मोठा हिशेब अमेरिकेतील सिॲटल शहरात झाला, आणि तो कसा होऊ शकला हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर तेथील शेतकरी संघटना, कामगार युनियनची माणसे आणि सहकारी भांडारवाले यांनी मिळून एक सहकारी आरोग्यसंस्था काढली. १९४७ पासून तिचे दवाखाने चालू झाले. सभासदांनी वर्गणी भरायची, डॉक्टर पगारी ठेवायचे, इस्पितळ आपले. (२०१७ साली ती एका मोठ्या संस्थेत विलीन झाली, सहकाराच्या नशिबी हे पुष्कळदा येते, असो.) सभासद वर्षानुवर्षे एकाच संस्थेच्या औषधालयातून गोळ्या घेत, त्यामुळे कोणी कोणती गोळी किती घेतली याची नोंद राहिली. १९९४ पासून तेथे वृद्ध सभासदांच्या बुद्धीची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून शेली ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली निष्कर्ष छापले. ६५ वर्षांवरील ३,४३४ माणसे, आरंभी कोणालाही स्मृतिभ्रंश नाही, सरासरी सात वर्षांहून थोडा अधिक काळ नजरेखाली. त्यांपैकी ७९७ जणांना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांच्या पोटात ही द्रव्य अडवणारी औषधे सर्वांत जास्त, म्हणजे साधारण तीन वर्षे रोज घेतल्याइतकी, गेली होती त्यांच्यात हा धोका मुळीच न घेणाऱ्यांच्या दीडपट निघाला.

दीडपट म्हटल्यावर सभेत खळबळ होते, म्हणून लगेच सांगतो की एवढ्यावरून औषधानेच रोग झाला असे सिद्ध होत नाही. रोगाची पावले पडू लागली की आधी झोप उडते, मन खचते, लघवीचा त्रास सुरू होतो. मग माणूस त्यासाठी गोळी घेतो, आणि पुढे रोग उघड झाला की दोष गोळीकडे जातो. संशोधकांनीही ही अडचण कबूल केली आहे. पण २०१९ साली इंग्लंडात कॅरोल कूपलंड आणि मंडळींनी स्मृतिभ्रंश झालेल्या ५८,७६९ रुग्णांची दोन लाखांवर निरोगी माणसांशी तुलना केली आणि सर्वाधिक डोस घेणाऱ्यांत पुन्हा सुमारे दीडपटच आले. तेथे एक बारकावा सापडला: लघवीच्या, नैराश्याच्या, कंपवाताच्या औषधांशी हा संबंध दिसला, सर्दीच्या गोळ्यांशी दिसला नाही. म्हणून सर्दीची गोळी म्हाताऱ्याला निर्धोक, असा मात्र अर्थ नव्हे. कायमचा रोग ही एक गोष्ट आणि आठ-पंधरा दिवसांचा भ्रम ही दुसरी. भ्रम तर डोळ्यांदेखत होतो.

आमच्या युनियनचे एक जुने जॉबर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. वय एकाहत्तर. लघवीची गोळी एका डॉक्टरची, झोपेची दुसऱ्याची, आणि नाक गळते म्हणून दुकानातून आणलेली तिसरी. महिनाभरात मामा रात्री दोन वाजता उठून चप्पल घालू लागले. सुनेने विचारले, "मामंजी, कुठं निघालासा?" तर म्हणाले, "पाळी सुरू झाली न्हवं, बीम चढवायचाय." कारखाना सोडून त्यांना अकरा वर्षे झाली होती. घरच्यांनी खोलीला बाहेरून कडी घातली, गल्लीने 'म्हातारचळ लागला' असा निकाल दिला. सुदैवाने एका डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या आणि एकेक करून दोन कमी केल्या. दीड महिन्यात मामा युनियनच्या पायरीवर बसून पेपर वाचू लागले, आणि अग्रलेखावर टीकाही करू लागले. प्रत्येकाचे असे होते असा माझा मुळीच दावा नाही. पुष्कळांचा आजार खराच असतो आणि गोळी थांबवून तो जात नाही. पण कडी घालण्याआधी टेबलावर गोळ्या ओतायला काय हरकत होती?

गोळीवर गोळी कशी चढते यालाही शास्त्रात नाव आहे. जेरी गुरविट्झ आणि पॉला रोशॉन यांनी १९९० च्या दशकात त्याला धबधब्याची उपमा दिली. एका औषधाचा त्रास होतो, तो नवा आजार समजला जातो, त्यावर दुसरे औषध येते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुमारे ४५ हजार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्याचा निष्कर्ष २००५ साली आला. डोनेपेझिलसारखी औषधे घेणाऱ्यांना लघवीच्या गोळ्या सुरू होण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे पहिली गोळी त्या हरकाम्याला वाढवते, त्याने लघवीची घाई होते, म्हणून दुसरी गोळी त्याच हरकाम्याला अडवते! एकाच खात्यात एका मॅनेजरने माणसे भरायची आणि दुसऱ्याने काढायची, आणि दोघांचाही पगार म्हाताऱ्याच्या पेन्शनमधून. कामगारांच्या पेन्शन योजनेत २०१४ साली किमान पेन्शन महिना हजार रुपये ठरली, हे येथे सहज आठवण म्हणून सांगतो.

झोपेच्या गोळीचेही असेच आहे. जर्मनीतील उलरिख क्लोट्झ यांनी १९७५ साली डायझेपामची मोजणी केली. रक्तातले औषध निम्म्यावर यायला विशीतल्या माणसाला सुमारे २० तास लागतात, ऐंशीच्या माणसाला सुमारे ९०. वय वाढते तशी अंगातली चरबी वाढते आणि हे औषध चरबीत मुरून बसते. आज रात्री घेतलेली गोळी चौथ्या दिवशी अंगात अर्धी शिल्लक, आणि दरम्यान रोज एकेक नवी. आजोबा न्हाणीत पडले, खुब्याचे हाड मोडले. दोष ओल्या फरशीला.

आता जरा कठीण गोष्टीकडे वळतो. स्मृतिभ्रंश झालेला माणूस कधी ओरडतो, मारायला धावतो, संशय घेतो. घरचे टेकीस येतात. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, रात्ररात्र जागणे सोपे नाही. अशा वेळी मनोविकाराची तीव्र औषधे दिली जातात. ती स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी तयार झाली, त्यांच्यावर तपासली गेली. २००५ च्या एप्रिलात अमेरिकेच्या औषध खात्याने वृद्ध स्मृतिभ्रंश रुग्णांवरील १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. साधारण दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, आणि नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. बहुतेक मृत्यू हृदयविकाराने किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाने. एवढे म्हातारे मरतातच, असे म्हणून ही गोष्ट सहज खपून गेली असती; पिठाच्या गोळीची रांग शेजारी उभी होती म्हणूनच उघडी पडली. इंग्लंडात क्लाइव्ह बॅलर्ड यांनी अशी औषधे घेत असलेल्या १६५ रुग्णांपैकी निम्म्यांची औषधे चालू ठेवली, निम्म्यांना न सांगता पिठाची गोळी दिली. दोन वर्षांनी औषध चालू ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के जिवंत होते. बंद केलेल्यांपैकी ७१ टक्के. हा निष्कर्ष २००९ सालचा. त्याच वर्षी इंग्लंडच्या सरकारसाठी प्रा. सुबे बॅनर्जी यांनी अहवाल लिहिला. त्यांचा अंदाज असा की देशात वर्षाला १,८०,००० स्मृतिभ्रंश रुग्णांना ही औषधे मिळतात, फायदा होतो तो फार तर ३६,००० जणांना, आणि जादा मृत्यू होतात सुमारे १,८००.

मग माणूस ओरडतो त्याचे काय करायचे? नॉर्वेच्या बेटिना हुसेबो यांनी विचार केला की ज्याला बोलता येत नाही त्याचे काही दुखत तर नसेल? त्यांनी १८ वृद्धाश्रमांतील ३५२ रुग्ण घेतले. निम्म्यांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक दिले, आणि बहुतेकांच्या वाट्याला आले ते साधे पॅरासिटामॉल. त्यांचा क्षोभ सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाला. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. मला या विषयावर वाचलेल्या सर्व संशोधनांत हे सर्वांत माणुसकीचे वाटते. गुडघा दुखतो म्हणून ओरडणाऱ्या माणसाला आपण वेड्याचे औषध देत होतो!

तुम्ही विचाराल, इतकी वर्षे हे कोणी तपासले का नाही? त्याला एक कारण सभ्यच आहे. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून माणसावर प्रयोग करताना त्याची समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि ती लागलीच पाहिजे. स्मृती गेलेला माणूस संमती कशी देणार? वारसाची संमती घ्या, पुन्हापुन्हा विचारा, हा खटाटोप मोठा. त्यातून वृद्धाला मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाची तक्रार. म्हणून आकडे गढूळ होतात. तेव्हा त्याला चाचणीतून वगळणे सोयीचे पडते. चाचणीतून वगळलेल्या त्या माणसाला दवाखान्यात मात्र कोणी वगळत नाही. गोळी त्यालाच सर्वांत जास्त मिळते. अलीकडे गाजलेल्या लेकॅनेमॅब औषधाच्या चाचणीत १,७९५ माणसे होती, सगळी रोगाच्या आरंभीच्या पायरीवरची. दीड वर्षाने १८ गुणांच्या मापावर फरक पडला ०.४५ गुणांचा, दर आठांपैकी सुमारे एकाच्या मेंदूला सूज दिसली, आणि २०२३ साली अमेरिकेत वर्षाची किंमत ठरली २६,५०० डॉलर. यावर मी अधिक वेळ घालवत नाही. ते आपल्या गल्लीत येईपर्यंत पुष्कळ पाणी वाहून जाईल.

आपल्या देशाच्या मस्टरची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. स्मृती तपासण्याच्या परदेशी कसोटीत तारीख विचारतात, एक वाक्य लिहायला सांगतात, कागदावर छापलेले 'डोळे मिटा' वाचून तसे करायला सांगतात. निरक्षर माणूस यात नापास होणारच. १९९० च्या दशकात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगड भागासाठी हिंदी कसोटी तयार केली. वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराविषयी काही सांगा'; वाचण्याऐवजी 'मी करतो तसे करा' म्हणून तपासणाराने स्वतः डोळे मिटायचे. केवढी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे न शिकलेल्या म्हातारीला वेडी ठरवले जाणे टळले. आपल्या गावापुरती मी त्यात एक भर घालीन. चाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला ऐकू कमी येते. त्याने प्रश्न न ऐकता भलतेच उत्तर दिले तर तो विसरला असे लिहू नये. आधी कान तपासावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीवरील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, शहरापेक्षा खेड्यात अधिक. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्याच वाट्याला हेही अधिक आले आहे.

अमेरिकेत मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ साली वृद्धाश्रमांतील माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. तेथील वृद्धवैद्यक संस्था ती वेळोवेळी सुधारते. २०२३ सालीही सुधारली. तशी यादी मराठीत छापून सरकारी आणि विम्याच्या दवाखान्यांच्या भिंतीवर लावावी, अशी मागणी आम्ही करणार आहोत. त्यात बंडखोरी काही नाही. कारखान्यात धोक्याच्या पट्ट्यावर लाल पाटी असते, तेवढेच.

एक ताकीद मात्र कळकळीने देतो. हे व्याख्यान ऐकून घरी जाऊन कोणीही आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. झोपेची जुनी गोळी एकदम तोडली तर फेफरे येऊ शकते, कंपवाताची तोडली तर माणूस लाकडासारखा आखडतो. कमी करायची ती डॉक्टरांनीच, एकेक आणि हळूहळू. आपण करायचे ते विचारण्याचे काम. ही गोळी कशासाठी, किती दिवस, आणि हिच्याआधी ही तक्रार होती का, एवढे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता युनियनच्या कचेरीत एक निवृत्त डॉक्टर वृद्धांच्या औषधांची पिशवी पाहायला बसतात. फी नाही, सभासदत्वाची अट नाही. येताना सगळेच आणा: सर्दीची गोळी, चूर्ण, शेजारणीने दिलेले, डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा, कारण तेही अंगात उतरतात. आणि दुकानदार पट्टी कापून चार गोळ्या देतो तेव्हा पुष्कळदा नावाचे टोक त्याच्याकडेच राहते. ते टोक मागून घ्या, नाहीतर कागदाच्या पुडीवर नाव लिहून मागा. गेल्या खेपेस एका आजींच्या पिशवीत सात नुसत्या पांढऱ्या गोळ्या निघाल्या, आणि त्या कशाच्या हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही.